घरी लाकडी ल्युअर बनवायचाय? रंगाच्या आधी बादली भरून घ्या

गळाला जाणारी पोरं मला विचारतात की घरचा ल्युअर, म्हणजे माशाला भुलवायला दोरीला लावतात तो खोटा मासा, कसा करायचा, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, रंग कुठला मारतोस? भावांनो, रंग शेवटचा. मी पहिला ल्युअर केला तेव्हा दोन रात्री जागून खवलं बिवलं काढली, राजाराम बंधाऱ्यावर नेला, पाण्यात टाकला तर तो सरळ कुशीवर आडवा झाला आणि ओढला तसा लाकडाच्या ढलपीसारखा नुसता घसरत आला. लई वाईट वाटलं. रंगात काहीच चुकलं नव्हतं, वजन चुकीच्या जागी होतं.

आधी लाकूड. हलकं पाहिजे. पांगारा मिळाला तर सोनं, सावर पण चालते, पण मी जास्त करून शिवण वापरतो कारण ती हलकी असून कापताना तुटत नाही. साग टाळा, सागाचं एक घन सेंटीमीटर साधारण 0.65 ग्रॅम भरतंय, मग शिसं घालायला जागाच उरत नाही आणि ल्युअर मेल्यासारखा चालतो. आपल्या कोल्हापुरात एक सोय आहे, उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) करणारी माणसं आहेत, त्यांच्याकडं वाळलेले तुकडे पडलेले असतात, नीट विचारलं की देतात. ओलं लाकूड अजिबात नको, नंतर आकसतं आणि वरचं कोटिंग तडकतं.

मरळसाठी सुरुवातीला 9 सेमी लांब, 2.2 सेमी उंच आणि दीड सेमी जाड एवढा ठोकळा घ्या. आता महत्त्वाचं, ठोकळा चौकोनी आहे तोवरच सगळ्या बाजूंनी मधली रेघ मारायची, पोटाच्या रेघेवर एक्सा ब्लेडनं निम्म्या उंचीपर्यंत तारेसाठी खाच पाडायची, आणि तोंडाखाली लिपची (ल्युअरला पाण्यात डुलवणारी छोटी पट्टी) खाच पण तेव्हाच. एकदा गोलाई दिली की मध्य सापडत नाही, आणि खाच एक मिलीमीटर जरी सरकली तरी ल्युअर एका बाजूला पळतो. पॅटर्नवाले पण आधी रेघा मारतात आणि मगच पटाशी उचलतात.

कोरायला मी रापी वापरतो, आपले चप्पल बनवणारे कारागीर कातडं कापायला वापरतात ती. फिनलंडच्या लाउरी रापालानं 1936 साली पहिला ल्युअर केला तो बुचाचा, आणि तो पण चपला शिवणाऱ्याच्या चाकूनंच कोरलेला, वरून चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचं कोटिंग दिलं. म्हणजे महागाचं सामान नाही म्हणून थांबायचं कारण नाही. रापीनं कडा उतरवा, मग कानस, मग पॉलिश पेपर 80, 150, 320 या क्रमानं. अधूनमधून तोंडाकडून डोळ्यासमोर धरून बघा, दोन्ही गाल सारखे दिसले पाहिजेत.

तार 1 मिमीची स्टेनलेस स्टीलची, तोंडापासून शेपटीपर्यंत एकच सलग. नोज प्लायरनं नाकाला एक कडी, पोटाला एक, शेपटीला एक. नुसते स्क्रूचे आकडे लावू नका, मोठी मरळ झटका देती तेव्हा हलक्या लाकडातनं आकडा उपसून येतो.

आता बादली. बॉडीला सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणारा पातळ थर) दोन हात द्या (थिनर पेट घेतो, गॅसजवळ हे काम करू नका, खिडकी उघडी ठेवा). वाळल्यावर तार तात्पुरती खाचेत बसवा, लिप अडकवा, पोटाच्या आणि शेपटीच्या कडीला ट्रेबल हूक (तीन टोकांचे गळ) लटकवा आणि पागाला (फेकायच्या जाळ्याला) लावतात त्या शिशाच्या गोळ्या रबरबँडनं पोटाला बांधा. सोडा पाण्यात. पाठ वर पाहिजे आणि शेपूट थोडीशी खाली. मग बोटानं आडवा पाडून सोडा, सोडल्या सोडल्या सरळ झाला पाहिजे. रेंगाळला तर शिसं कमी आहे नाहीतर फार वर आहे. तोंड खाली जात असेल तर गोळी बोटभर मागं सरकवा. मला शिवणीच्या 9 सेमीला साधारण 3 ते 4 ग्रॅम लागतंय, पण प्रत्येक तुकडा वेगळा, त्यामुळं दुसऱ्याचं माप घेऊ नका, बादलीला विचारा. यात एक आख्खी संध्याकाळ गेली तरी जाऊ दे. जागा ठरली की तिथं भोक पाडून शिसं बसवा, तार आणि लिप अराल्डाइटनं पक्की करा, खाच लांबीनं (पुट्टीनं) भरून घासून घ्या आणि परत सीलर. शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा, आणि ते स्वयंपाकघरात वितळवत बसू नका.

लिप 2 मिमी पॉलिकार्बोनेटची. लांब आणि पुढं आडवी असली तर ल्युअर खोल जातो, आखूड आणि उभी असली तर वरच्या वर डुलत येतो. गवताळ पाण्यात आखूडच बरी.

रंग. पहिला पांढरा प्रायमर, त्याशिवाय वरचे रंग मेलेले दिसतात. मग ॲक्रेलिक, फिक्याकडून गडदाकडं: पोट पिवळसर पांढरं, कुशीला चंदेरी, पाठ काळपट हिरवी. खवल्यांसाठी कांद्याची जाळीची पिशवी बॉडीवर ताणून खालून कपड्याच्या चिमट्यांनी धरायची आणि स्पंजला अगदी कमी रंग घेऊन थपथपायचं, पुसायचं नाही. जाळी लगेच काढू नका, दहा मिनिटं थांबा. ती काढताना खालून ओळीनं खवलं दिसतात तो क्षण मला अजून पण पहिल्यासारखाच आवडतो. डोळा पेन्सिलच्या मागच्या टोकानं पिवळा आणि काडीच्या टोकानं मध्ये काळा ठिपका.

वरून रेझिन आर्टवाले वापरतात ते क्लिअर इपॉक्सी, हातमोजे घालून, प्रमाण डब्यावर असेल तेच. पातळ दोन हात. ते ओघळतं म्हणून ल्युअर फिरता ठेवावा लागतो, त्याला गणपतीच्या मागं चक्र फिरवायची सावकाश मोटर असते ना, ती माळ्यावरनं काढा, मिनिटाला पाच-सहा फेरे पुरेत. हे सगळं एप्रिल-मेमध्ये उरका, आपल्या पावसाळ्यात दमट हवेनं सीलर पांढरा पडतो आणि इपॉक्सीवर धुकट थर येतो.

पाण्यावर गेल्यावर आधी कडेला ओढून बघा. डावीकडं पळत असेल तर नाकाची कडी केसभर उजवीकडं वाकवा, उजवीकडं पळत असेल तर डावीकडं. धरण, तलाव ठेक्यानं दिलेले असतात, आधी विचारून घ्या. आणि पावसाळ्यात मरळीच्या तांबूस पिल्लांचा घोळका पाण्यात वर-खाली करताना दिसला तर तिथं ल्युअर टाकू नका राव, खाली आई-बाप राखण करत असतात, ते उचलले की पिल्लं एका दिवसात संपतात.

मरळीच्या दातांनी कोटिंगला बारीक भोकं पडतात. घरी आल्यावर ल्युअर वाळवून प्रत्येक भोकावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडा, नाहीतर पुढच्या खेपेला पाणी आत जाऊन लाकूड फुगतं.