लीडरसाठी सायकल मारणं : स्टेज रेसमधली माझी १६ वर्षं

चालू रेसमध्ये टीमच्या गाडीकडनं लीडरसाठी आणि बाकीच्यांसाठी पाण्याच्या सात बॉटल एका फेरीत आणायच्या असतील तर आधी दोन सायकलच्या केजमध्ये, म्हणजे बॉटलच्या खोबणीत, अडकवा, मग तीन मागच्या खिशात, आणि उरलेल्या दोन मानेतून जर्सीच्या आत पाठीवर सोडा. मी पहिल्यांदा टीमच्या गाडीकडं गेलो तेव्हा उलटं केलं, आधी पाठीवरच भरल्या, जर्सी ताणून घट्ट झाली आणि मग खिशात हातच जाईना. बर्फाच्या पेटीतल्या बॉटल, पाठ बधिर, अंगावर चारेक किलो जादा आणि बंच, म्हणजे रेसरांचा मुख्य घोळका, वळणाआड दिसेनासा झालेला. गाड्यांच्या रांगेतनं एकेका गाडीच्या आडोशानं पुढं सरकत कसाबसा पोचलो तर घाट सुरू झालेला, आणि घाटाच्या पायथ्याला भरलेली बॉटल कुणालाच नको असते, ज्याच्याकडं असते तोसुद्धा अर्धी ओतून देतो. लीडरनं एक घेतली, दोन घोट पिऊन डोक्यावर ओतली. बाकीच्या अंगावर घेऊन मी दोन किलोमीटरमध्ये मागं पडलो.

पाण्याला जायची वेळ म्हणजे ब्रेक, म्हणजे बंच सोडून पुढं पळालेली थोडी मंडळी, निघून गेलाय आणि बंच जरा सैल झालाय ती. शेवटच्या २० किलोमीटरमध्ये साधारणपणे गाडीतून काही घेताच येत नाही, त्यामुळं हिशोब त्याच्या आधी करून ठेवायचा.

मी बेळगावजवळच्या गावचा. जत्रेतल्या शर्यतीत साध्या सायकलवर सुरुवात केली, मग विजापूरकडच्या पोरांबरोबर रेस मारायला लागलो, आणि पुढं टीममध्ये जागा मिळाली ती लीडरचा माणूस म्हणून. आता ३८ चालू आहे. १६ वर्षांत एकही स्टेज, म्हणजे बरेच दिवस चालणाऱ्या रेसमधला एका दिवसाचा टप्पा, जिंकलो नाही, पण माझ्या मागं बसून जिंकलेले पाच जण मी बघितलेत. आमच्या भागातली, म्हणजे खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडची पोरं हल्ली रोड बाइक घेऊन येतात आणि विचारतात, अण्णा, फॉर्म कसा आणायचा, टीममध्ये कसं घुसायचं. फोनवर एकेकाला सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहितो.

आधी टीमचं बघू. टूर द फ्रान्समध्ये २०१८ पासून एका टीमला ८ रेसर असतात, तीन आठवड्यांत २१ स्टेज. त्यातला सगळ्या दिवसांच्या बेरजेसाठी, म्हणजे जीसीसाठी पळणारा बहुतेक एक, कधी दोन. बाकीच्यांचं काम त्याला वाऱ्यातनं वाचवायचं. सपाटीवर कुणाच्या तरी चाकामागं बसलं की सहज तीसेक टक्के कष्ट वाचतात, आणि हे वाचलेले कष्ट तो शेवटच्या घाटात खर्च करतो. घाटात स्पीड कमी, त्यामुळं मागं बसून फायदाही कमी, तिथं ज्याचे त्याचे पाय. म्हणून घाटापर्यंत लीडरला ताजा आणून सोडणं हीच आमची रेस, आमची फिनिश लाइन बऱ्याचदा घाटाच्या पायथ्याला असते. हे ज्याला पटत नाही त्यानं टाइम ट्रायलची, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्यानं मारायच्या रेसची, तयारी करावी, त्यात कमीपणा काही नाही.

आता फॉर्म. पंचविशीत माझं वजन ६४ किलो आणि ताज्या पायांवर २० मिनिटं ३२५ वॅट (पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजतात) यायचे. आज तेवढ्याच वजनाला ३०० येतात. म्हणजे कागदावर मी उतरलो. पण चार तास रेस झाल्यावर तीच टेस्ट घेतली तर पंचविशीत २७० वर यायचो आणि आज २८० निघतात. वयानं स्प्रिंट पहिला जातो, एकदम जोर मारून गॅप भरायची ताकद जाते, पण लांबचा दम बराच टिकतो. अमेरिकेच्या ख्रिस हॉर्नरनं २०१३ ची व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची रेस, ४१ व्या वर्षी जिंकली. सगळ्यांना ते जमणार नाही, पण स्टेज रेसमध्ये म्हातारं कधी व्हायचं हे आधार कार्डावरनं ठरत नाही एवढं खरं.

खरी मार बसते ती रिकव्हरीत. तरणं पोर रात्री आठ तास झोपलं की सकाळी नवं असतं, मला तिसऱ्या दिवसापासून पायात कालची रेस जाणवते. म्हणून मी सकाळी अंथरुणातच नाडी मोजतो. माझी नेहमीची ४६. ५० असली तर ठीक, ५५ च्या वर गेली तर काहीतरी बिनसलंय, झोप, पोट, ताप, काहीही. दुसरी खूण उलटी आहे आणि ती नवीन पोरांना फसवते: थकवा फार साचला की चढावर जोर लावूनसुद्धा हार्ट रेट वर जात नाही. पोरगं बघतं १४५ आणि म्हणतं आज किती सहज चाललंय. सहज चाललेलं नसतं, गाडी रिझर्व्हला आलेली असते. आणि तिसरी खूण म्हणजे ताट. संध्याकाळी भात समोर आला आणि खावंसं वाटलं नाही तर उद्याचा दिवस अवघड आहे.

हे सगळं मला ठाऊक असताना मी एकदा खोटं बोललो. चार दिवसांची रेस होती, आमचा लीडर दुसऱ्या दिवसाअखेर जीसीत तिसरा. रात्री माझं पोट बिघडलं, दोन घास खाल्ले. सकाळी नाडी ५८. कॅप्टननं नाश्त्याला विचारलं, "कसे हाईत पाय?" मी म्हटलं, "मस्त हाईत." त्या सीझनला टीममधली माणसं कमी करणार अशी चर्चा चालू होती आणि माझं वय सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तोंडातनं ते निघून गेलं. त्या दिवशीचा रस्ता काळ्या मातीच्या माळावरनं, झाड नाही, आडोसा नाही, वारा आडवा. आडव्या वाऱ्यात बंच तिरपा पसरतो, रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढेच आडोशाला बसतात आणि बाकीचे कडेला एका रांगेत लटकतात. लीडरला पहिल्या तिरक्या रांगेत बसवून त्याच्या पुढं राहायचं काम मला दिलेलं. कालव्याजवळ रस्ता उजवीकडं वळला, पुढच्या टीमनं तिथंच जोर मारला, आणि माझ्यापुढच्या चाकात आणि माझ्यात आधी एक हात, मग एक सायकल, मग तीन सायकली एवढं अंतर पडलं. उभा राहून मारली, पायच नव्हते. लीडर माझ्या मागं होता, त्याला बाहेर पडून जायला जागाच नव्हती. तो दोन मिनिटं चाळीस सेकंद हरला त्या दिवशी. जीसीत नवव्या नंबरवर गेला.

मी खरं बोललो असतो तर कॅप्टननं तिथं बागलकोटचं एक तगडं पोर लावलं असतं, ते पोर दिवसभर बॉटल आणत फिरलं. संध्याकाळी मी लीडरला जाऊन नाडीचा आकडा सांगितला. तो एवढंच म्हणाला, "सकाळी सांगायचं होतं अण्णा." माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान पोरगा. तेव्हापासून मी नाश्त्याला आधी नाडी सांगतो, मग चहा घेतो.

मोठ्या रेसमध्येही हेच चालतं. २०२५ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या रेसमध्ये, विसाव्या स्टेजला सायमन येट्स कोले देल्ले फिनेस्त्रेच्या घाटावर जोर मारून एकटा पुढं निघाला, त्याच घाटावर २०१८ मध्ये जीसीत पहिल्या असणाऱ्याची गुलाबी जर्सी अंगावर असताना तो पार मोडला होता. पण घाट उतरल्यावर पुढच्या दरीत वारा होता, तिथं एकटा असता तर मागच्यांनी वेळ कमी केला असता. तिथं त्याचा टीममेट वाउट व्हान आर्ट त्याची वाट बघत होता. सकाळपासून ब्रेकमध्ये पुढं गेलेला, त्याच जिरोत सिएनाला स्वतः स्टेज जिंकलेला माणूस, पण त्या दिवशी स्वतःचा निकाल सोडून येट्सला पुढच्या चढापर्यंत ओढून दिलं. येट्स जिरो जिंकला. ती शेवटची तासभराची रेस पोरांनी व्हान आर्टकडं डोळे लावून बघावी, कधी थांबला, किती जोर दिला, कुठं बाजूला झाला.

आणि स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश. २०२४ च्या टूरमध्ये ३९ वर्षांचा, पहिल्याच दिवशी उन्हानं उलट्या. टाइम कटच्या, म्हणजे स्टेज संपवायला ठरवलेल्या वेळेच्या, बाहेर गेला की सहसा दुसऱ्या दिवशी स्टार्ट नाही, कितीही मोठा असला तरी. त्याचे टीममेट त्याच्याबरोबर मागं राहिले, पाणी घालत, चाक देत वेळेत आणला. पाचव्या स्टेजला त्यानं ३५ वा टूर स्टेज जिंकला आणि बेल्जियमच्या जुन्या चॅम्पियन एडी मर्क्सबरोबरचा ३४ चा रेकॉर्ड मोडला. मला तो स्प्रिंट आठवत नाही तेवढा तो पहिला दिवस आठवतो.

आता आपल्याकडचे रस्ते. आडव्या वाऱ्याची सवय करायची तर अथणीकडं किंवा त्याच्या पुढं विजापूरच्या माळावर जा, चार जण घेऊन जा, एकट्यानं काही शिकता येत नाही. छोट्या तिखट चढासाठी येळ्ळूरचा राजहंसगड. लांब घाटासाठी चोर्ला, जांबोटी कणकुंबी करत खाली केरीला उतरायचं आणि तिथनं परत वर. पावसाळ्यात उतरताना शेवाळ आणि धुकं असतं, मी जून ते सप्टेंबर तिकडं पोरांना नेत नाही. ऊस सुरू झाला की निपाणी-चिकोडीकडं ट्रॅक्टरच्या मागं ड्राफ्ट, म्हणजे वाऱ्याचा आडोसा, घ्यायचा मोह होतो, कृपा करून घेऊ नका, ट्रॉलीतनं कांडं पडलं तर चुकवायला हाताएवढीही जागा नसते. माझ्या ओळखीच्या एकाची कॉलर बोन तशीच गेली.

खाणं: लांब स्टेजला तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, आणि ते पोटाला आधी महिनाभर शिकवावं लागतं. केळी, गुळाची चिक्की, मीठ-साखरेचं पाणी, यावर माझी निम्मी रेस होते. आदल्या रात्री भाकरी-उसळ टाळा, भात खा, पोट हलकं राहतं. कुंदा रेस संपल्यावर.

भाषेचंही सांगतो. टीममध्ये अर्धी पोरं कन्नड, आणि बंचात ओरडून सांगितलेलं अर्ध्या सेकंदात कळलं पाहिजे. गाळी म्हणजे वारा, एडक्के म्हणजे डावीकडं, बलक्के म्हणजे उजवीकडं, एवढं पहिल्या दिवशीच पाठ करा. विजापूरची पोरं मनानं फार चांगली, तुम्ही दोन शब्द बोललात की ती चाक सोडत नाहीत.

नोकरीचं मात्र मन लावून ऐका. रेल्वे, सर्व्हिसेस (म्हणजे सैन्यदलं), पोलीस, सगळीकडं स्पोर्ट्स कोटा आहे, पण अर्जात तुमचा नंबर विचारतात. एका ऑफिसात मी माझे स्टेज रेसचे कागद ठेवले, समोरच्यानं निकालाचं पान उलटलं, माझं नाव ४१ व्या नंबरवर बघितलं आणि फाइल बंद केली. मी ज्याला ओढलं तो पहिला आलेला, त्याचं सर्टिफिकेट त्याच्याकडं. हे मला आजही बोचतं. म्हणून सांगतो, टीम टाइम ट्रायल कधी सोडू नका, तिथं मेडल टीममधल्या सगळ्यांना मिळतं, ओढणाऱ्यालाही. शेवटी मला नोकरी लागली ती त्याच मेडलवर.

गेल्या सीझनला आमच्यात खानापूरकडचा २० वर्षांचा एक पोरगा होता, पहिलीच स्टेज रेस. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला आला, सगळ्यांसमोर म्हणाला, "अण्णा, आज पाय न्हाईत, नाडी ६४." कॅप्टननं दोन मिनिटांत प्लॅन बदलला, घाटाचं काम माझ्याकडं आणि त्याला पहिल्या तासाचं पाणी. त्यानं तीन फेऱ्या केल्या, वीस बॉटल वाटल्या, घाटाखाली बंचातनं मागं पडला, ग्रुपेटोत, म्हणजे मागं पडलेल्यांच्या घोळक्यात, बसून टाइम कटच्या सहा मिनिटं आत आला, रात्री तीन ताटं भात खाऊन नऊला झोपला. चौथ्या दिवशी शेवटचे ३० किलोमीटर बंचाच्या पुढं तोच होता.