दोघांच्या ड्यूट्या आणि आमचं बोलणं

माझ्या आणि बायकोच्या ड्यूटीच्या वेळा जुळत नाहीत. बोलणं व्हायचं, पण बिलं, सामान, कोण कुठे जाणार एवढ्यावरच. मोठ्या सुट्टीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, ती मिळतच नव्हती.

फरक पडला तो कामाची बोलणी वेगळी काढल्यावर. ती आता दोघांच्या एकाच कॅलेंडरमध्ये जातात, उरलेली आठवड्यातून एकदा बसून उरकतो. रात्रीची थोडी मिनिटं मोकळी झाली. तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहितांचा अभ्यास केला. 6 वर्षांनंतरही एकत्र असलेल्यांनी जोडीदाराच्या लहानसहान सादेला 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, विभक्त झालेल्यांनी 33 टक्के. साद म्हणजे अगदी ‘हे बघ ना’ एवढंही. आता बायको काही दाखवायला आली की मी लॅपटॉपवरून मान वर करतो. खरंच घाई असेल तर ‘दहा मिनिटांनी ऐकतो’ म्हणतो आणि नंतर स्वतःहून विचारतो. हे विचारणं सोडायचं नाही, नाहीतर ते टाळणंच ठरतं. तिने ऑफिसचं गाऱ्हाणं मांडलं की आधी विचारतो, ‘नुसतं ऐकू, की काही सुचवू?’ बहुतेकदा तिला नुसतं बोलायचंच असतं.