दिग्दर्शकाच्या पुरस्कारांची यादी नीट कशी करायची

सत्कार असो, स्मरणिका असो नाहीतर फिल्म क्लबचं स्क्रीनिंग, पाहुण्या दिग्दर्शकाचा परिचय लिहायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतंच आणि मग शेवटी ते ठरलेलं वाक्य येतं, 'अनेक राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय पुरस्कारांनी सन्मानित'. सगळ्यात आधी हे वाक्य खोडा. त्याच्यातून कुणालाच काही कळत नाही, आणि ज्या माणसाने एका पिक्चरसाठी चार चार वर्षं घातली त्याच्या वाट्याला असलं मोघम वाक्य येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. एका सत्काराचा परिचय मी लिहिला होता, 'राष्ट्रीय पुरस्कारविजेते दिग्दर्शक' असं ठोकून दिलं, निवेदिकेने ते वाचलं, टाळ्या पडल्या, आणि ते गृहस्थ माईकवर येऊन पहिलं काय बोलले तर, "तो पुरस्कार आमच्या साउंडच्या मुलाचा आहे, तो बघा मागच्या रांगेत बसलाय, त्याला आधी वर बोलवा." तो मुलगा उठला, चपला पायरीपाशी काढल्या आणि वर आला, आणि त्याचं नाव माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. तेव्हापासून यादी करताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, पुरस्कार नक्की कुणाच्या नावावर आहे?

तर वहीत पाच रकाने आखा. पिक्चरचं नाव, पुरस्कार कितवा (म्हणजे ६४वा, ७१वा वगैरे), कुठल्या वर्षाच्या पिक्चरसाठी, कुठला विभाग, आणि कुणाच्या नावावर. शेवटच्या दोन रकान्यांवरच खरी मेहनत आहे. उदाहरण म्हणून ६४वे राष्ट्रीय पुरस्कार घ्या, २०१६ च्या पिक्चरसाठीचे. त्या वर्षी 'कासव' देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार 'व्हेंटिलेटर'साठी राजेश मापुसकरांना, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट 'दशक्रिया', दिग्दर्शक संदीप पाटील. तिघांबद्दलही 'राष्ट्रीय पुरस्कार' म्हटलं तर ते खोटं नाही, पण तिन्ही मान वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा त्याच्या नावानेच लिहायला हवा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार निर्माता आणि दिग्दर्शक दोघांना मिळतो, दिग्दर्शनाचा मात्र एकट्या दिग्दर्शकाचा, हेही ध्यानात ठेवा.

वर्षाचा घोळ तर हमखास होतो. राष्ट्रीय पुरस्कारात पिक्चर कुठल्या वर्षाचा हे थिएटरला कधी लागला यावरून ठरत नाही, सेन्सॉर सर्टिफिकेट कधी मिळालं यावरून ठरतं. म्हणून 'वाळवी' लागला जानेवारी २०२३ मध्ये पण सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला २०२२ च्या, म्हणजे ७०व्या पुरस्कारांत. 'कोर्ट'चं पण तेच, पुरस्कार २०१४ चा, घोषणा मार्च २०१५ ला आणि पिक्चर थिएटरात एप्रिल २०१५ ला. त्यात घोषणा आणि सोहळा आणखी उशिरा होतात, २०२३ चे पुरस्कार जाहीर झाले १ ऑगस्ट २०२५ ला. त्यामुळे नुसतं साल लिहू नका, '७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, २०२३ साठी' असं पूर्ण लिहा, मग कुणी बोट ठेवू शकत नाही.

आता परदेशातले फेस्टिव्हल. इथे उत्साहाच्या भरात लोक 'बर्लिनला गोल्डन बेअर', म्हणजे तिथला सगळ्यात मोठा पुरस्कार, वगैरे लिहून मोकळे होतात. अविनाश अरुणच्या 'किल्ला'ला २०१४ मध्ये बर्लिनला मिळालं ते क्रिस्टल बेअर, मुलांसाठीच्या पिक्चरच्या जनरेशन केप्लस विभागात, आणि ते देणारी ज्युरी लहान मुलांची होती. मला तर हे गोल्डन बेअरपेक्षा जास्त गोड वाटतं, कोकणातल्या एका मुलाची गोष्ट जर्मनीतल्या पोरांनी निवडली! मग ते लपवायचं कशाला, तेच सांगा. तसंच चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला व्हेनिसला ओरिझाँती या मुख्य स्पर्धेपेक्षा वेगळ्या विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पहिल्या पिक्चरसाठीचा लायन ऑफ द फ्युचर मिळाला, आणि त्याचाच 'द डिसायपल' २०२० ला मुख्य स्पर्धेत होता, तिथे त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं आणि शिवाय समीक्षकांच्या संघटनेचा फिप्रेस्की. विभागाचं नाव लिहिल्याने मान कमी होत नाही, उलट वाचणाऱ्याला समजतं की काय कमावलंय.

ऑस्करबाबत तर हात जोडून सांगतो. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 'कोर्ट' या भारताच्या अधिकृत प्रवेशिका होत्या, नामांकन नव्हे. नामांकन म्हणजे शेवटच्या पाचात येणं, ते आशुतोष गोवारीकरांच्या 'लगान'ला मिळालं होतं. देशातून एकच पिक्चर पाठवला जातो, त्यात आपला असणं हाच केवढा मोठा मान आहे, त्याला आणखी फुगवायची गरजच नाही.

मालिका आणि वेब सिरीजवाल्यांची यादी वेगळी करा. राष्ट्रीय पुरस्कारांत मालिका येतच नाहीत, आणि चॅनलचे सोहळे त्या त्या चॅनलच्या स्वतःच्या मालिकांपुरते असतात, तेव्हा चॅनलचं नाव लिहायचंच. वेब सिरीजला बऱ्याचदा दोन-तीन दिग्दर्शक असतात, 'पाताल लोक'च्या पहिल्या सीझनचं दिग्दर्शन अविनाश अरुण आणि प्रोसित रॉय दोघांचं, अशा वेळी दुसऱ्याचं नाव गाळलंत तर तो अन्याय आहे.

अजून दोन बारीक गोष्टी. पद्म पुरस्कार नावाच्या आधी लावायचा नाही, सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय की तो किताब नाही. बॅनरवर 'पद्मभूषण सई परांजपे' असं न छापता खालच्या ओळीत '२००६ साली पद्मभूषण' असं घ्या. आणि पुरस्काराचं नाव बदललं असेल तर त्या वेळचंच नाव ठेवा, 'फँड्री'साठी नागराज मंजुळेंना मिळाला तेव्हा त्याचं नाव 'दिग्दर्शकाच्या पदार्पणाच्या चित्रपटासाठी इंदिरा गांधी पुरस्कार' होतं, आता ७०व्या वर्षापासून त्यातलं इंदिरा गांधी हे नाव गेलंय, म्हणून ७१व्या वर्षी हाच पुरस्कार मिळालेल्या 'आत्मपॅम्फ्लेट'च्या यादीत ते येणार नाही.

यादी तयार झाली की प्रशस्तिपत्रांचे फोटो मागवा आणि ओळ न् ओळ ताडून बघा, त्यावर नाव आणि विभाग स्पष्ट छापलेला असतो. मग कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दिग्दर्शकाला फोन लावून सगळी यादी मोठ्याने वाचून दाखवा आणि एवढंच विचारा, "यात तुमच्या टीममधल्या कुणाचं नाव राहिलंय का?" जे नाव सांगतील ते लगेच लिहून घ्या, आणि तो माणूस येणार असेल तर पुढच्या रांगेत त्याची खुर्ची ठेवा.