रॅक इफेक्ट्स प्रोसेसर घेण्यापूर्वीची तयारी

गिटारसाठी रॅकमधला, म्हणजे १९ इंची चौकटीत बसणारा, इफेक्ट्स प्रोसेसर (सुरावर प्रतिध्वनीसारखे परिणाम चढवणारे यंत्र) घ्यायचे पक्के झाले, की मॉडेलांची नावे आणि किमती पाहण्याआधी आपला अ‍ॅम्प भिंतीपासून पुढे ओढावा, त्याची मागची बाजू उजेडात नीट पाहावी आणि तिथल्या प्रत्येक जॅकचे नाव व प्रत्येक बटणाची खूण वहीत उतरवून घ्यावी. येथे गृहीत धरलेली मांडणी अशी आहे: दोन चॅनलांचा ट्यूब अ‍ॅम्प, त्याखाली बारा इंची स्पीकरांचे एक कॅबिनेट, अ‍ॅम्पच्या पुढे वाहवाह आणि ओव्हरड्राइव्हसारखी दोन-तीन पेडल, आणि आता डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (दालनातल्यासारखा घुमारा) व कोरस (एका सुराचे अनेक झाल्याचा भास) यांसाठी एक युनिट, म्हणजे रॅकच्या एका खणाच्या, उंचीचा प्रोसेसर. ज्यांना अ‍ॅम्पसकट सगळेच डिजिटल करायचे आहे आणि जे फ्रॅक्टल, केम्पर किंवा हेलिक्स रॅक यांच्याकडे पाहत आहेत, त्यांचा प्रश्न निराळा असून पुढील बऱ्याच बाबी त्यांना लागू होत नाहीत.

पहिली नोंद इफेक्ट्स लूपची, म्हणजे प्रीअ‍ॅम्प (अ‍ॅम्पचा सूर घडवणारा पहिला भाग) आणि पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा दुसरा भाग) यांच्या मधून सिग्नल बाहेर नेऊन परत आणणाऱ्या वाटेची. ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे दोन जॅक असतील तर लूप आहे. तो नसलेले नामांकित अ‍ॅम्पही पुष्कळ आहेत. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब किंवा मार्शलचा मूळ जेसीएम ८०० मालिकेतला २२०३ हे त्यांतलेच. लूप महत्त्वाचा यासाठी, की अ‍ॅम्पचे डिस्टॉर्शन बहुधा प्रीअ‍ॅम्पमध्ये तयार होते आणि डिले व रिव्हर्ब त्याच्या आधी जोडले तर प्रत्येक प्रतिध्वनीही डिस्टॉर्ट होऊन सुरांचा चिखल होतो. लूपमध्ये जोडले तर आधीच डिस्टॉर्ट झालेला सूर स्वच्छपणे घुमतो. अ‍ॅम्पला लूप नसेल आणि स्वर नेहमी स्वच्छच ठेवायचा असेल तर प्रोसेसर पुढे जोडूनही भागते, मात्र त्या वेळी त्याचे इनपुट गिटारला मानवणारे, म्हणजे सुमारे एक मेगाओमचे आहे का ते पाहावे लागते, कारण रॅकमधील लाइन इनपुट बहुधा त्याहून फारच कमी इम्पीडन्सचे (सिग्नलला होणाऱ्या विद्युत विरोधाचे) असते आणि पिकअपचा वरचा खणखणीतपणा गिळून टाकते. पॉवर ट्यूब ताणून, म्हणजे लूपच्या नंतरच्या भागातून डिस्टॉर्शन काढून, वाजवणाऱ्यांना मात्र अ‍ॅम्पनंतर लोड बॉक्स (स्पीकरऐवजी जोडायचा भार), मग प्रोसेसर आणि मग वेगळा पॉवर अ‍ॅम्प असा लांबचा मार्ग घ्यावा लागतो, आणि तो खर्च हिशेबात आधीच धरलेला बरा. जुन्या अ‍ॅम्पमध्ये लूप नव्याने बसवून घेता येतो, पण ते काम जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे. ट्यूब अ‍ॅम्पमधील कपॅसिटर वीज बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट धरून राहू शकतात.

लूप असेल तर तो सीरिज आहे की पॅरलल, हे मॅन्युअलमध्ये शोधावे. सीरिज लूपमध्ये सगळा सिग्नल प्रोसेसरमधून जातो. पॅरलल लूपमध्ये मूळ सिग्नल अ‍ॅम्पमध्येच सरळ पुढे जातो आणि प्रोसेसरमधून परतलेला भाग त्यात मिसळला जातो. मागच्या बाजूला ‘मिक्स’ नावाचा नॉब असेल तर ही शक्यता दाट समजावी. अशा लूपसाठी प्रोसेसरमधून येणारा कोरडा, म्हणजे इफेक्ट न लागलेला, सिग्नल पूर्णपणे बंद करण्याची सोय अत्यावश्यक आहे, आणि बऱ्याच यंत्रांत तिला ‘किल ड्राय’ म्हणतात. ती नसेल तर काय होते ते समजून घेण्यासारखे आहे: डिजिटल यंत्रात सिग्नलचे आकड्यांत रूपांतर होऊन परत येण्यास एखादा मिलिसेकंद लागतो, आणि तेवढ्या उशिरा आलेली मूळ सुराची प्रत अ‍ॅम्पमधल्या मूळ सुरात मिसळली, की ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. परिणामी पोकळ, नळीतून आल्यासारखा आवाज येतो आणि दोष बिचाऱ्या प्रोसेसरच्या दर्जाला दिला जातो. सीरिज लूपमध्ये हाच उशीर जाणवत नाही, कारण एका मिलिसेकंदात ध्वनी हवेतून जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो आणि स्पीकरपासून तेवढे मागे सरकल्याने कोणाची लय बिघडत नाही. इक्वलायझर, कॉम्प्रेसर किंवा ट्रेमोलो मात्र पॅरलल लूपमध्ये नीट चालतच नाहीत.

त्यानंतर सिग्नलची पातळी. माझ्या मते सर्वांत जास्त निराशा या एका बाबीतून होते, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख सहसा नसतो. स्टुडिओतील यंत्रे +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट, या पातळीवर काम करण्यासाठी बनवलेली असतात. घरगुती व अर्धव्यावसायिक यंत्रे −१० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्टवर. दोहोंत साधारण १२ डेसिबलचा, म्हणजे जवळजवळ चौपट व्होल्टेजचा फरक आहे. काही अ‍ॅम्पचे लूप याहूनही खाली, पेडलच्या पातळीवर चालतात. लूप कमी पातळीचा आणि प्रोसेसर जास्त पातळीचा असेल तर प्रोसेसर अर्धपोटी राहतो आणि सुरासोबत सूं-सूं वाढते. उलट असेल तर त्याचे इनपुट कर्कश फुटते, आणि हे डिजिटल फुटणे ट्यूबच्या डिस्टॉर्शनसारखे गोड नसते. म्हणून अ‍ॅम्पच्या लूपची पातळी नोंदवावी, ती निवडण्याचे बटण आहे का ते पाहावे, आणि प्रोसेसरवर इनपुट पातळीचा नॉब किंवा बटण, तसेच दिव्यांचा मीटर असलाच पाहिजे अशी अट ठेवावी.

आता इफेक्टची यादी. प्रोसेसरमध्ये काय काय आहे याची नव्हे, तर आपण वाजवत असलेल्या गाण्यांत एका वेळी काय काय लागते याची ती असावी. यामाहाचा एसपीएक्स ९० हा १९८०च्या दशकातला नावाजलेला प्रोसेसर एका वेळी एकच इफेक्ट देतो; अ‍ॅलेसिसचा क्वाड्राव्हर्ब नावाप्रमाणे चार इफेक्ट एकत्र चालवतो. एसपीएक्स ९०ची ध्वनिमर्यादा १२ किलोहर्ट्झपर्यंतच आहे म्हणून तो नाकारणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की गिटारचा बारा इंची स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झनंतर झपाट्याने उतरतो, त्यामुळे ही मर्यादा गायकाच्या आवाजाला जितकी जाचते तितकी आपल्याला जाचत नाही. एकच कॅबिनेट असेल तर स्टिरिओ इफेक्टसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. डावीकडून उजवीकडे जाणारा डिले एका स्पीकरवर नुसताच डिले होतो. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हॅलन याच्या मांडणीप्रमाणे मधल्या कॅबिनेटमधून कोरडा आणि दोन्ही बाजूंनी इफेक्टचा आवाज काढण्याची हौस असेल तर त्यासाठी आणखी एक स्टिरिओ पॉवर अ‍ॅम्प, दोन कॅबिनेट आणि उचलायला माणसे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

पॅच, म्हणजे यंत्रात जतन केलेली इफेक्टची मांडणी, बदलताना काय होते, हे कागदावरून कळत नाही. काही यंत्रांत आधीच्या डिलेची शेपटी नव्या पॅचमध्ये विरत जाते, काहींत ती कापली जाते, आणि काहींत क्षणभर सगळाच आवाज जातो. कडव्यावरून मुखड्यावर येताना पॅच बदलणाऱ्याला हा क्षण फार मोठा वाटतो. एकच पॅच रात्रभर वापरणाऱ्याने याची चिंता करू नये.

पायाने नियंत्रण करण्याची व्यवस्था प्रोसेसरइतकीच महत्त्वाची आहे, कारण रॅक मागे राहतो आणि वाजवणारा पुढे. १९८३ साली रूढ झालेल्या मिडी, म्हणजे वाद्ययंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या, पद्धतीत पॅच बदलण्याचे १२८ संदेश आहेत. काही यंत्रे ते ० ते १२७ असे मोजतात आणि काही १ ते १२८, त्यामुळे पेडलवरचा पाचवा पॅच प्रोसेसरवर सहावा निघाला तर यंत्र बिघडले असे समजू नये. मिडी केबल १५ मीटरपर्यंत चालते. पाच पिनांपैकी मिडीला तीनच लागतात, आणि उरलेल्या दोन पिनांतून फूट कंट्रोलरला वीज पुरवण्याची सोय काही यंत्रांत असते. मात्र बाजारातील स्वस्त केबलमध्ये तारा तीनच असतात, म्हणून पाचही पिना जोडलेली केबल मागून घ्यावी. अ‍ॅम्पचा चॅनल आणि इफेक्ट एकाच दाबाने बदलायचे असतील तर प्रोसेसरमध्ये अ‍ॅम्पच्या फूटस्विच जॅकसाठी रिले (विजेने चालणारा स्विच) आहे का ते पाहावे. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या जी-मेजरमध्ये तशी सोय आहे. त्यासाठी आपल्या अ‍ॅम्पचा फूटस्विच दाबला की तसाच राहणारा आहे की दाबून ठेवल्यापुरताच काम करणारा, हे नोंदवून ठेवावे.

विजेच्या बाबतीत आळस करू नये. आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा आहे, जपानचा १०० व्होल्टचा आणि अमेरिकेचा १२० व्होल्ट व ६० हर्ट्झचा. परदेशातील नातेवाइकाकरवी मागवलेले किंवा जुन्या बाजारातले यंत्र हाती आले, की पहिल्यांदा मागच्या पट्टीवरचा आकडा वाचावा आणि तोपर्यंत प्लग लावू नये. १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल तर फक्त योग्य कॉर्ड लागते. एकच कमी आकडा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो यंत्राच्या गरजेच्या निदान दुप्पट क्षमतेचा आणि अर्थिंग पुढे नेणारा असावा, कारण स्वस्त खोक्यांत तिसरी पिन अनेकदा दिखाऊच असते. गणेशोत्सवातल्या किंवा कॉलेजच्या मैदानावरच्या कार्यक्रमात जनरेटरवर वाजवायचे असेल तर स्टॅबिलायझरही यादीत घ्यावा. रॅकमध्ये बसणारा साधा पॉवर कंडिशनर व्होल्टेज स्थिर करत नाही, तो मुख्यतः गोंगाट आणि क्षणिक उसळ्या अडवतो. अ‍ॅम्प आणि प्रोसेसर वेगवेगळ्या बोर्डांवर लावले की अर्थचे वेटोळे तयार होऊन ५० हर्ट्झची घुमघुम सुरू होते. त्यावर अर्थची पिन कापणे हा उपाय सर्रास सुचवला जातो आणि तो जीवघेणा आहे. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत. तरी घुमघुम राहिली तर सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा.

पेटीबद्दल थोडक्यात: रॅकची रुंदी १९ इंच आणि एका युनिटची उंची ४४.४५ मिलिमीटर ठरलेली असली तरी खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचे माप, ठरलेली नसते, म्हणून यंत्राच्या खोलीत मागच्या जॅक आणि केबलच्या वळणासाठी जागा धरून मोजमाप करावे. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात.

जुने यंत्र पाहायला जाताना स्वतःची गिटार, केबल आणि शक्य असल्यास स्वतःचा अ‍ॅम्प न्यावा. यंत्र निदान अर्धा तास चालू ठेवावे, कारण पॉवर सप्लायमधील थकलेले कपॅसिटर गरम झाल्यावर बोलू लागतात. प्रत्येक बटण दाबावे, फिरता एन्कोडर सावकाश फिरवून आकडे उड्या मारतात का ते पाहावे, डिस्प्ले अंधारात आणि उजेडात वाचावा, दोन्ही इनपुट व दोन्ही आउटपुट वेगवेगळे ऐकावेत, आणि मिडी तर पेडल जोडूनच तपासावे. वाजवता वाजवता यंत्राचा स्विच बंद करून सूर लूपमधून पुढे जातो की तुटतो हेही पाहावे, कारण सीरिज लूपमध्ये यंत्र कार्यक्रमात बंद पडले तर काय होईल याचे उत्तर तिथेच मिळते. पॅच लक्षात ठेवणारी तीन व्होल्टची लिथियम बॅटरी जुन्या यंत्रांत बोर्डाला डाग देऊन जोडलेली असते; ती किती जुनी आहे हे विचारावे आणि बदलण्याची मजुरी किमतीत धरावी.

यंत्र घरी आल्यावर बॅटरीला हात लावण्याआधी सर्व पॅच मिडीच्या सिसएक्स (यंत्राची आतली माहिती वाहून नेणाऱ्या) संदेशांद्वारे संगणकावर उतरवून घ्यावेत आणि महत्त्वाच्या पॅचचे आकडे कागदावरही लिहावेत. सोबत दोन जादा फ्यूज ठेवावेत. फ्यूजचा आकडा मागच्या पट्टीवर छापलेला असतो आणि त्याआधीचे ‘टी’ हे अक्षर सावकाश जळणारा, तर ‘एफ’ हे अक्षर झटकन जळणारा प्रकार दाखवते. आतून व्होल्टेजची जोडणी १२० वरून २३० वर बदलून घेतली असेल तर फ्यूज साधारण निम्म्या अ‍ॅम्पिअरचा लागतो, आणि तो बदल करून देणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच नवा आकडा पट्टीवर लिहून घ्यावा.