जळमटं काढण्याआधी कोळी ओळखा

दसऱ्याच्या झाडलोटीत आमच्याकडे लांब काठीला बांधलेला झाडू थेट आढ्यापर्यंत जातो. मी मात्र आधी बॅटरी मारून बघते. घरातला कोळी ओळखायचा तर पहिल्यांदा जाळं बघावं, कोळी नंतर.

छताच्या कोपऱ्यात आकारउकार नसलेलं, विस्कटलेलं जाळं आणि त्यात उलटा लटकलेला, लांबच लांब बारीक पायांचा फिकट कोळी, हा घरोघरचा. जाळ्याला हलकेच काडी लावा. तो जागच्या जागी इतक्या जोरात हिंदकळतो की धड दिसतही नाही. दुसऱ्या खुणेची गरजच नाही. मादी दिसली तर तोंडाकडे बघा, अंड्यांचा पुंजका जबड्यात धरलेला असतो. डास खातो, म्हणून देवघर सोडून सगळीकडे त्याला मुभा आहे. सासूबाईंशी तेवढ्यावरच तडजोड झाली.

पलंगाखाली, खिडकीच्या चौकटीत तसाच गुंता, पण कोळी मुगाएवढा, तांबूस पायांचा, वाटोळ्या पोटाचा? तोही निरुपद्रवी. त्याचे काही धागे ताठ खाली जमिनीला टेकतात, चिकटपणा असतो तो टोकाशी. मुंगी चिकटून धडपडली की धागा खालून सुटतो आणि मुंगी अलगद वर उचलली जाते. फरशीवर पालथं पडून बघावं असं आहे.

जाळंच नसलेला, तळहाताएवढा चपटा कोळी रात्री भिंतीवर धावतो, तो झुरळं मारतो. मादीच्या पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती असते. दाबला गेला तर चावतो, दुखतं, पण जिवावर बेतत नाही. उड्या मारणारे छोटे तर सोडूनच द्या.

परसात मात्र दगडांच्या, लाकडांच्या ढिगात उघडा हात घालू नका. चकचकीत काळा, पोटावर लाल खूण असलेला कोळी आपल्याकडे विरळा, पण विषारी. रेशमाचं अस्तर असलेल्या बिळातल्या जाड, केसाळ कोळ्यालाही डिवचू नका.

आणि पावसाळ्यात अंगावर भाजल्यासारखा चट्टा उठला की लगेच ‘कोळी फिरला’ म्हणतात. बहुतेकदा तो दिव्यावर येणाऱ्या, नारिंगी-काळ्या, मुंगीसारख्या दिसणाऱ्या बारीक भुंगेऱ्याचा प्रताप असतो. चिरडला की त्याच्या अंगातलं रसायन कातडी जाळतं. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणाने धुऊन टाका.