सोडियम ११८? आधी कॉर्टिसॉल पाठवा

रक्तातलं सोडियम ११८, म्हणजे खूपच कमी, आलं की आमचे रेसिडेंट ‘एसआयएडीएच’ (व्हॅसोप्रेसिन नको तेवढं सुटून अंगात पाणी साठण्याचा विकार) लिहून मोकळे होतात आणि पाणी कमी करायला सांगतात. थांबा. आधी सकाळी आठचं कॉर्टिसॉल पाठवा.

कॉर्टिसॉल (ॲड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) एरवी व्हॅसोप्रेसिनला, म्हणजे पाणी धरून ठेवायला लावणाऱ्या हार्मोनला, लगाम घालतं. ते आटलं की लगाम सुटतो, मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं.

बाई असेल तर बाळंतपणाचं विचारा. माझ्या वॉर्डातल्या एका मावशींना वीस वर्षं कुणी विचारलंच नव्हतं: शेवटच्या खेपेला खूप रक्त गेलेलं, अंगावर दूध आलं नाही, पाळीही परत आली नाही. शीहान सिंड्रोम! बाळंतपणात खूप रक्त गेल्यामुळे पिट्युटरी ग्रंथी निकामी होते आणि कॉर्टिसॉलही आटतं. यात अल्डोस्टेरॉन (पोटॅशियम बाहेर टाकणारं हार्मोन) शाबूत, म्हणून पोटॅशियम बहुधा नॉर्मल. ॲडिसनमध्ये, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच बिघडतात तेव्हा, मात्र पोटॅशियम वाढतं, हिरड्या काळवंडतात.

बीपी पडलेलं असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नका. रक्त काढून घ्या आणि हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून द्या. थायरॉक्सिन (थायरॉईडचं हार्मोन) लागलं तरी त्यानंतर. खरी धास्ती पुढे आहे. हायड्रोकॉर्टिसोन दिलं की व्हॅसोप्रेसिन एकदम दबतं, लघवीचा लोंढा सुटतो, सोडियम भरभर चढतं आणि त्याने मेंदूला इजा होऊ शकते. दर चार तासांनी तपासा, २४ तासांत ८ mmol/L पेक्षा जास्त वाढू देऊ नका. लघवीची पिशवी मी तरी स्वतःच बघते.