इलेक्ट्रिक लक्झरी एसयूव्ही की पेट्रोलची? मराठवाड्यात तुलना करताना या चुका टाळा

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्यांची डिलिव्हरी झाली होती. तेव्हा प्रश्न सोपा होता: रंग कोणता आणि सूट किती. आज त्याच गिऱ्हाइकासमोर एका बाजूला बीएमडब्ल्यू आयएक्स, मर्सिडीज ईक्यूएस एसयूव्ही यांसारख्या इलेक्ट्रिक गाड्या (ईव्ही) आहेत, तर दुसऱ्या बाजूला एक्स५, जीएलई, क्यू७ च्या पेट्रोल आवृत्त्या. बहुतेक जण ही तुलना शोरूमच्या एसीत, दोन ब्रोशर शेजारी ठेवून उरकतात. पुढचा सगळा मनस्ताप तिथंच सुरू होतो, कारण घरचं वीजमीटर, नेहमीचा रस्ता आणि वर्षाचं खरं रनिंग या तिन्हींचा ब्रोशरमध्ये पत्ताच नसतो.

चूक: एक्स-शोरूम किमतीवर निर्णय

समजा पेट्रोल गाडी एक कोटीची आहे आणि इलेक्ट्रिक एक कोटी वीस लाखांची. वरवर पाहता वीस लाखांचा फरक. पण महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के मोटार वाहन कर लागतो, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाडीला हा कर माफ आहे. तीस लाखांवरच्या ईव्हीला ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात होता, तो मागे घेतला गेला; तरी त्याचा धसका अजून अनेकांच्या मनात आहे. म्हणजे वैयक्तिक नावावर फरक उरला सात लाख. जालन्याच्या स्टील किंवा बियाण्याच्या धंद्यातली मंडळी गाडी बहुधा फर्मच्या नावावर घेतात. त्यांच्या बाबतीत तो जवळपास शून्यावर येतो.

जीएसटी किमतीत आधीच धरलेला असतो: ईव्हीवर ५ टक्के, मोठ्या पेट्रोल एसयूव्हीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तो वेगळा जोडू नका. दहा लाखांवरच्या गाडीचा एक टक्का टीसीएस (विक्रेत्यानं आगाऊ गोळा केलेला आयकर) दोन्हीकडे सारखाच असतो आणि विवरणपत्रात परत मागता येतो.

अजून एक जुनी टेप वाजतच असते, की ईव्हीच्या कर्जावरच्या व्याजाला दीड लाखाची वजावट मिळते. कलम ८०-ईईबीची ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. नवीन गाडीला ती नाही. धंद्यात गाडी दाखवणार असाल तर घसाऱ्याचा दर दोन्ही गाड्यांना वेगळा पडतो. तो हिशेब सेल्समनकडून नको, सीएकडून करून घ्या.

चूक: छापलेली रेंज खरी धरणं

ईक्यूएस एसयूव्ही ५८० ची प्रमाणित रेंज ८०९ किलोमीटर आहे आणि बॅटरी १२२ युनिटची. भागाकार करा: शंभर किलोमीटरला १५ युनिट. एवढ्या धिप्पाड गाडीला हा आकडा चाचणीच्या संथ चक्रातच जमतो. समृद्धीवर वेगमर्यादा १२० ची आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ९० च्या तुलनेत १२० ला तो जवळजवळ पावणेदोनपट होतो. पाच माणसं, सामान आणि मे महिन्यातला एसी धरला की शंभर किलोमीटरला २५ ते २७ युनिट समजा. मग रेंज उरते साडेचारशे ते चारशे नव्वद. त्यातही हायवेवर कुणी शंभरावरून शून्यापर्यंत गाडी चालवत नाही. ८० टक्क्यांवर निघायचं आणि १० वर थांबायचं असा रिवाज असतो. म्हणजे दोन चार्जिंगमधलं खरं अंतर साडेतीनशेच्या आत. संभाजीनगरहून नागपूरला घरून १०० टक्के भरून निघालात तरी वाटेत एक थांबा धरून चला.

आपल्याकडच्या उन्हाला लोक उगाच घाबरतात. बेचाळीस अंशांत एसीनं रेंज थोडी घटते, पण वेगानं घटते त्यापुढं ते काहीच नाही. ऊन नडतं ते दुपारच्या फास्ट चार्जिंगला: बॅटरी आधीच तापलेली असली की गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. एप्रिल-मे महिन्यात लांबचा प्रवास पहाटे सुरू करा.

पेट्रोलवाल्यांनाही हीच फुटपट्टी लावा. तीन लिटरचं सहा सिलेंडर टर्बो इंजिन ब्रोशरमध्ये लिटरला अकरा-बारा दाखवतं; गावात सहा-सात आणि हायवेवर नऊ-दहा मिळाले तर ठीक समजायचं. शिवाय पंपावरच्या पेट्रोलात मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलमुळं (ई२०) लिटरमागची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण साडेसहा टक्क्यांनी कमी असते. (आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच मायलेजला खातंय, असं म्हणायला हरकत नाही.) जुनी, सेकंडहँड लक्झरी पेट्रोल गाडी पाहत असाल तर टाकीच्या झाकणामागचं स्टिकर वाचा. त्यावर ई१० (दहा टक्के इथेनॉलपुरतं) असेल तर कंपनीकडून ई२० बद्दल लेखी उत्तर घ्या. या इंजिनांना अनेकदा ९५ ऑक्टेनची शिफारस असते आणि तालुक्याच्या प्रत्येक पंपावर ते मिळत नाही.

चूक: युनिटचा सरासरी दर धरणं

घरच्या बिलाला युनिटांनी भागून आलेला दर गाडीला लावता येत नाही. महावितरणचे घरगुती टप्पे चढते असतात. घराचे तीनशे युनिट आधीच वापरलेले असतात, गाडीची युनिटं त्यांच्या डोक्यावर बसतात आणि महागड्या टप्प्याच्या दरानं मोजली जातात. चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे. रनिंग जास्त असेल तर वेगळं मीटर घेऊन दोन्ही दरांची तुलना करा.

ढोबळ हिशेब मांडू. वर्षाला २०,००० किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०६ रुपये धरलं (परभणीकर इथं हसतील, मनमाडच्या इंधन डेपोपासूनच्या अंतरामुळं त्यांचं पेट्रोल राज्यात सर्वांत महाग म्हणून गाजलेलं आहे) आणि मायलेज आठ, तर खर्च २,६५,००० रुपये. ईव्हीला बॅटरीतून शंभर किलोमीटरला २४ युनिट, चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर २६.५, वर्षाला ५,३०० युनिट. त्यातली ८० टक्के घरी १५ रुपयांनी आणि २० टक्के हायवेवर २४ रुपयांनी, तर साधारण ८९,००० रुपये. वर्षाला पावणेदोन लाख वाचले, म्हणजे सात लाखांचा फरक चार वर्षांत भरून निघतो. पण गाडी वर्षाला ८,०००च धावत असेल, तर त्याच फरकाला दहा वर्षं लागतील. तेवढ्यात गाडी विकलेली असेल. आणि ३०,००० च्या वर रनिंग असेल तर तक्त्यात डिझेलचा तिसरा रकाना काढा. मराठवाड्यात या पेट्रोल गाड्यांची खरी स्पर्धक तीच आहे.

सोलरवाल्यांसाठी एक ओळ: छतावरचे तीन किलोवॅट महिन्याला साधारण ३६० युनिट देतात, वरच्या हिशेबातली गाडी एकटीच ४४० खाते.

समृद्धीचा टोल किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास आहे. २०२५ च्या धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर ईव्हीला टोलमाफी आहे. तरी आधी आपल्या फास्टॅगमधून पैसे कापले जातात का, ते एका फेरीत तपासा, मगच माफी हिशेबात धरा. आरसीवर इंधनाचा प्रकार बरोबर नोंदलेला आहे ना, हेही त्याच वेळी बघा.

सर्वांत महागात पडणारी चूक: वायरिंग न तपासता बुकिंग

गाडी दारात येते, वॉलबॉक्स (घरचा चार्जर) भिंतीला लागतो आणि लाल दिवा काही जात नाही. तक्रार गाडीची होते, दोष बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो.

साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रीच्या आठ तासांत जेमतेम २० युनिट जातात, म्हणजे पाऊणशे किलोमीटर. त्यामुळं ३२ अँपिअरचा, ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स लागतोच. त्यावर त्याच वेळात दोनशे किलोमीटरची सोय होते. आता वीजबिलावर मंजूर भार बघा. वॉलबॉक्स ७.४, दीड-दीड किलोवॅटचे दोन एसी आणि दोनचा गिझर मिळून १२.४ किलोवॅट होतात. बिलावर पाच लिहिलं असेल तर आधी भारवाढीचा अर्ज करा, गाडी नंतर बुक करा. ११ किलोवॅटचं चार्जिंग हवं असेल तर थ्री-फेज लागेल.

वायर मीटरपासून थेट, वेगळी, तांब्याची असावी: तीस मीटरपर्यंत ६ चौरस मिलिमीटर, त्यापुढं १०. अ‍ॅल्युमिनियमची जुनी वायर, मध्ये जोड आणि वर इन्सुलेशन टेप असला प्रकार सलग आठ तास ३२ अँपिअर ओढल्यावर वितळतो. गिझर वीस मिनिटांत बंद होतो म्हणून तो त्याच वायरवर निभावून जातो, गाडी रात्रभर ओढत राहते. एमसीबी ४० अँपिअरचा घ्या. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) कोणत्या प्रकारचा, हे वॉलबॉक्सच्या पुस्तिकेत बघा: त्यात डीसी गळतीचं संरक्षण आतच असेल तर ए प्रकार चालतो, नसेल तर बी प्रकार लागतो. वायरमन सवयीनं ‘एसी’ नावाचा प्रकार बसवतो, तो इथं चालत नाही.

अर्थिंग तपासायला मल्टिमीटर घ्या आणि ही मापं ओळखीच्या वायरमनकडूनच घ्या. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट, फार तर पाच. हा शेवटचा आकडा पंधरा-वीस दिसला की वॉलबॉक्स नकार देणार हे नक्की. त्यातला मराठवाड्याचा खास भाग असा: पावसाळ्यात केलेलं अर्थिंग उत्तम माप दाखवतं आणि मे महिन्यात तेच दगा देतं. काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात, इलेक्ट्रोडपासून सुटते. म्हणून अर्थ टेस्टरनं माप उन्हाळ्यात घ्या, ते पाच ओहमच्या आत असावं. खड्ड्यात पाणी घालायचा पाइप शाबूत ठेवा आणि आठवड्याला दोन बादल्या ओता. जागा कोरडी असेल तर केमिकल अर्थिंग करा.

व्होल्टेजचंही पाहा. संध्याकाळी १९० असेल तर ३२ अँपिअरवर सहाच किलोवॅट मिळतात. १८० च्या खाली बरेच वॉलबॉक्स बंद पडतात. चार्जिंग रात्री अकरानंतर लावा. जनरेटरवर लावून 'अर्थ फॉल्ट' आला तर जनरेटरचा न्यूट्रल अर्थशी जोडलेला नाही असं समजा. आणि शेतातल्या घरी गेलात म्हणून कृषिपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. ते कनेक्शन पंपापुरतंच आहे, दुसरा वापर पकडला गेला तर दंडाची आकारणी होते.

चूक: गाडीचा कमाल चार्जिंग वेग पाहून वेळ काढणं

गाडी १९५ किलोवॅट घेऊ शकते, पण हायवेवरचा ६० चा चार्जर देणार ६०च, आणि दोन गन (गाडीत लावायचे प्लग) असतील तर शेजारी दुसरी गाडी लागली की अनेकदा ३०. १०५ युनिटच्या बॅटरीला १० ते ८० टक्के म्हणजे साडेत्र्याहत्तर युनिट: ६० वर सव्वा तास, ३० वर अडीच तास. १२० लिहिलेल्या चार्जरवर केबल २५० अँपिअरची असेल तर चारशे व्होल्टच्या गाडीला शंभरच मिळतील. आपल्या नेहमीच्या मार्गावर, मग तो लातूर-पुणे असो की नांदेड-हैदराबाद, चार्जर आहे की नाही एवढ्यावर थांबू नका. किती किलोवॅटचा, किती गनचा, रात्री उघडा असतो का आणि शेवटचा यशस्वी वापर कधी झाला, हे अ‍ॅपमध्ये बघा.

चार्जिंग सुरू होत नसेल तर क्रम असा ठेवा. चार्जरवरचं लाल इमर्जन्सी बटण कुणी दाबून ठेवलंय का ते पाहा, असेल तर फिरवून सोडा. गन काढून सॉकेटमध्ये धूळ-पाणी नाही ना बघा. पुन्हा लावताना जड केबलला हातानं खालून आधार देऊन गन सरळ दाबून धरा. केबलच्या वजनानं गन लोंबली की पिना नीट भिडत नाहीत. गाडी लॉक करून दोन मिनिटं थांबा, मग पुन्हा प्रयत्न करा. अ‍ॅप अडलं तर चार्जरला टेकवायचं आरएफआयडी कार्ड कामाला येतं, दोन कंपन्यांची कार्डं डॅशबोर्डात असू द्या.

टायर, विमा, वर्कशॉप

आयएक्सचं वजन अडीच टनांच्या घरात, ईक्यूएस एसयूव्हीचं त्याहून जास्त. पेट्रोल गाडी तीन-चारशे किलोंनी हलकी. त्यामुळं बावीस इंची चाकांचा मोह नको. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर बारीक साइडवॉलचा टायर रिमसकट जातो, आणि अनेक ईव्हींत स्टेपनी नसते, पंक्चर किट असतं. साइडवॉल फाटली तर त्या किटचा उपयोग शून्य. लहान रिमचा पर्याय मागा. बदली टायर मूळ लोड इंडेक्सचाच (टायर किती वजन पेलतो तो आकडा) घ्या.

विम्यात ईव्हीला बॅटरी आणि चार्जरचं संरक्षण, पेट्रोलला इंजिन संरक्षण घ्या. झिरो डेप्रिसिएशन आणि टायर कव्हर दोघांनाही. बॅटरी वॉरंटी बहुतेकांची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते. ती किती टक्के क्षमतेखाली लागू होते, हे पत्रात वाचा. ईव्हीची पुनर्विक्री किंमत जास्त वेगानं घसरते. लेखी बायबॅक (ठरल्या किमतीला गाडी परत घेण्याची हमी) मिळत असेल तर तो आकडा वरच्या हिशेबात घाला.

वर्कशॉपला एकच प्रश्न विचारा: हाय-व्होल्टेज कामाचं प्रशिक्षण घेतलेला माणूस इथं रोज असतो की पुण्याहून येतो? आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर ईव्ही दोरीनं ओढू देऊ नका. चाकं फिरली की मोटर वीज तयार करू लागते आणि नुकसान होतं. फ्लॅटबेडच मागवा. त्याआधी मात्र १२ व्होल्टची छोटी बॅटरी बघा. मोठी बॅटरी भरलेली असूनही दार उघडत नाही, स्क्रीन काळी पडते, तेव्हा बहुधा हीच उतरलेली असते. जम्प पॉइंट (बाहेरच्या बॅटरीची वायर जोडायची जागा) बॉनेटखाली कुठं आहे आणि दार हाताच्या किल्लीनं कसं उघडतं, हे डिलिव्हरीच्याच दिवशी स्वतः करून बघा.